कमळाच्या हाताची सहा बोटं

मोतीरामची सगळ्यात वाईट खोड म्हणजे त्याला कुणी काहीही म्हणालं तरी तो "बरोबर आहे" म्हणायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणा, बरोबर आहे. कमी झालं म्हणा, तेही बरोबर. कुसाबाई लग्न होऊन मळ्यात आल्या तेव्हा हा दीर सात वर्षांचा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती. त्यांनीच त्याला न्हाऊ घातलं, त्यांनीच शाळेत ढकललं. आज तो चौसष्ट वर्षांचा झाला, तरी त्याच्या तोंडात "नाही" हा शब्द काही रुजला नव्हता. इतकी वर्षं कुसाबाईंनी ही खोड सोसली. पण काल संध्याकाळी नातवानं मोतीरामच्या तोंडावर त्याच्याच देवीच्या चुका मोजून दाखवल्या आणि हा बाबा मान डोलावून "बरोबर आहे बाळा" म्हणाला, तेव्हा त्यांच्या हातातली झेंडूची पाटी खाली आदळली.

मखमलाबादच्या पलीकडं त्यांचा फुलांचा मळा. मळ्याच्या तोंडाशी भावकीचं देऊळ, चार माणसं आत बसली की पाचव्यानं पायरीवर बसावं एवढंच. मधे शेंदूर लावलेला देवीचा दगडी तांदळा आणि मागच्या भिंतीवर रंगवलेली वणीची देवी, अठरा हातांची, मान जराशी कलती. ती मोतीरामनं अडतीस वर्षांपूर्वी काढली होती. तेव्हा तो पंचवटीपर्यंत "पेंटर मोतीराम" म्हणून ओळखला जायचा. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॉलीच्या मागचं "हॉर्न प्लीज", सगळं त्याच्याच ब्रशचं. मग फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. रंगाचे डबे वाळले आणि मोतीराम शेवंतीला पाणी भरू लागला. कुणी हळहळलं की म्हणायचा, "बरोबर आहे. जमाना बदलतो."

नातू ललित अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला होता. दिवसभर सुटे भाग तपासायचे, केसभर फरक दिसला की बाजूला टाकायचे. पोरगं गुणाचं, पण ती नजर तो घरीही घेऊन यायचा. भाकरीचा काठ एका बाजूला जाड झाला तरी त्याला आधी दिसायचा. आणि देवळाच्या भिंतीला ओल आली होती, रंगाचे पोपडे निघत होते, हे काही खोटं नव्हतं. म्हणून त्यानं मोबाईलवर देवीचा फोटो घेतला, एआयला दिला आणि चुका काढून नीट कर म्हणून सांगितलं. एआयनं दोन मिनिटांत करून दिलं. मग ललितनं ते चित्र फरशांवर छापून आणलं. आता जुना गिलावा छन्नीनं काढायचा आणि त्या जागी फरशा बसवायच्या. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

"तुमचं चित्र मी टाकून दिलं नाही हां, मोतीआबा," काल तो मोबाईल पुढं धरून म्हणाला होता. "तुमचंच आहे, फक्त करेक्शन केलंय. ही मान वाकडी होती, सरळ झाली."

"गडावर जाऊन बघ," कुसाबाई मधेच म्हणाल्या. "देवीची मान कलतीच हाय. कान देऊन ऐकती ती. तुझ्यासारखी नाय."

"ते त्याला सांगायचं राहिलं, आजी. पण बाकीचं बघा ना. घंटेच्या हाताची करंगळी बाहेर वळली होती, ती नीट झाली. या मनगटावर हिरवे डाग पडले होते, ते गेले. आणि हे तर भारीच. कमळाच्या हाताला तुम्ही सहा बोटं काढलीत, आबा! सुरुवातीला एआयसुद्धा असंच करायचं, कुणालाही सहा बोटं. तुम्ही तर त्याच्याही आधी!"

तो हसला. वाईट मनानं हसला नाही, म्हणून तर कुसाबाईंना जास्त झोंबलं.

मोतीरामनं चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं. "काय सफाई आहे," तो म्हणाला. "मुकुट बघ कसा चमकतोय. मला नसता जमला. बरोबर आहे बाळा."

पाटी तेव्हा आदळली.

"काय झालं आजी?"

"काय नाय. उंदीर दिसला," कुसाबाई मोतीरामकडं बघत म्हणाल्या. "चौसष्ट वर्षांचा."

आता ती सहा बोटं कुठून आली, ते या घरात दोनच माणसांना माहीत होतं.

ऐन उमेदीत मोतीरामला अक्षर जमायचं, चेहरा जमायचा, हात मात्र जमायचे नाहीत. आणि काढायला घेतली देवी अठरा हातांची! कॅलेंडरवरच्या चित्रात हात एवढुसे, त्यातून काय कळणार. शेवटी त्यानं मळ्यातल्या नऊ बायका देवळाच्या दारात आळीपाळीनं उभ्या केल्या. खड्ग म्हणून विळा धरायला दिला, गदा म्हणून मुसळ, पाश म्हणून म्हशीचं दावं. साळूबाई शंखाऐवजी तांब्या घेऊन तासभर उभी राहिली आणि मग म्हणाली, "भाऊजी, देवीचे हात दुखत नसतील, माझे दुखत्यात." मनगटावरचे हिरवे डाग म्हणजे तिचं गोंदण. घंटेचा हात कुसाबाईंचा. विहिरीच्या रहाटात करंगळी सापडली ती वळली ती वळलीच.

आणि कमळाचा हात त्यांच्या जावेचा, बायडाबाईचा. तिच्या उजव्या हाताला जन्माचीच सहा बोटं. सासरी पाऊल टाकल्या टाकल्या कुणीतरी "अपशकुनी" असं पुटपुटलं, तेव्हापासून तो हात पदराखाली गेला. कुंकू लावायला डावा हात पुढं करायची आणि त्यावरून वर बोलणी खायची. लग्नातला फोटो घ्या, बारशातला घ्या, उजव्या हातावर पदर. मोतीराम नेमका तोच हात मागत बसला. ती नाही म्हणाली. हा तीन दिवस कमळाची जागा कोरी ठेवून समोर बसून राहिला. चौथ्या दिवशी ती आली, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि शेवंतीचं फूल धरून हात पुढं केला. मोतीरामनं सहाही बोटं काढली. घट बसले त्या दिवशी प्रत्येकीनं भिंतीवरच्या आपापल्या हाताला हळदकुंकू लावलं, आणि मग तशी रीतच पडली. बायडाबाईनं उजव्या हातानं लावलं. त्यानंतर तिनं तो हात कधी झाकला नाही.

ती गेली त्याला वीस वर्षं झाली. ललित तेव्हा बालवाडीत होता. तिची लेक आशा चांदवडला दिलेली. दर घटाला ती येते, कमळाच्या हाताला हळदकुंकू लावते आणि आपला तळवा त्यावर टेकवून जराशी उभी राहते. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नाही. पुरुष मंडळी बाहेर आरतीची वाट बघत असतात, त्यांना काय दिसतंय. आशाला आईच्या त्या हातावर हात ठेवायला दुसरी जागा नाही.

एवढं सगळं मोतीरामला माहीत होतं आणि तो "बरोबर आहे" म्हणाला होता.

कालच, दिवेलागणीआधी, कुसाबाई त्याच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तो शेवंतीच्या जुड्या बांधत होता.

"मोत्या, पोराला सांगितलंस का नाय?"

"काय सांगू वहिनी. फरशा छापून आल्या. हौसेनं केलंय त्यानं."

"सहा बोटं कुणी काढली? तू का उंदरानं?"

"भिंतीला ओल तर आहे ना. त्याचंही बरोबर आहे."

"ओलीचं मी विचारलं का?"

मोतीरामनं जुडी खाली ठेवली. "खरं सांगू वहिनी? ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. अडतीस वर्षं मी रोज त्या भिंतीसमोर हात जोडतो आणि मला तिच्यात फक्त चुकलेलं दिसतं. नाक जाड झालंय. डावा डोळा वर गेलाय. आज कुणीतरी ते निस्तरलं, तर मी कुठल्या तोंडानं अडवू?"

कुसाबाईंनी ती जुडी उचलून परत त्याच्या मांडीवर टाकली. "मग उद्या छन्नी तूच मार," एवढं बोलून त्या फिरल्या.

त्यांनी एक शब्द टाकला असता तर मिस्त्री वेशीतूनच माघारी गेला असता. त्या घरात त्यांचा शब्द ओलांडायची कुणाची टाप नव्हती. पण दुसरीपर्यंतच शिकल्या असल्या तरी एवढा हिशेब त्यांना येत होता, की तशी राहिलेली भिंत ही म्हातारीच्या हट्टानं राहिलेली भिंत. म्हातारी गेली की तेराव्याला फरशी. काढणाऱ्यानंच तोंड उघडायला हवं होतं. आणि काढणारा कोण, तर मोतीराम! देवीनं तरी काय हात निवडला होता.

आज सकाळी मनोज मिस्त्री छन्नी-हातोडा घेऊन हजर.

"पितरांच्या पंधरवड्यात देवीच्या भिंतीला छन्नी," कुसाबाई म्हणाल्या. "शोभतं का?"

"मिस्त्री याच दिवसांत मोकळे असतात, आजी," ललित म्हणाला. "एरवी तारीख देत नाहीत. आठ दिवसांत घट बसतील, त्याआधी व्हायला पाहिजे."

त्यानं खोकी फोडून फरशा अंगणात जुळवून मांडल्या. देवी देखणी होती, उगाच खोटं कशाला बोला. रंग असा की नुकताच ओला असावा. कुसाबाई कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि फुलबाजारात माल बघावा तसे एकेक हात बघत गेल्या. अठरा हात, अठराही गोरे, गुळगुळीत. एका साच्यातून पाडल्यासारखे.

"हा हात कुणाचा रे?"

"कुणाचा म्हणजे? देवीचा."

"ते झालं. बघून कुणाचा काढला?"

"कुणाचाच नाही. लाखो फोटो बघून ते स्वतःच तयार करतं."

"लाख बायांचे हात बघितले, आन एकीच्याही हाताला चुलीचा चटका दिसला नाय त्याला?"

"आता देवीला चटके कशाला दाखवायचे, आजी?"

कुसाबाईंनी मोतीरामकडं पाहिलं. तो पायरीवर चहाचा ग्लास घेऊन बसला होता आणि चहात काहीतरी पडल्यासारखा त्यातच बघत होता.

"कुठून धरू?" मनोजनं आतून विचारलं.

"डाव्या अंगाला, वरून घ्या," ललित म्हणाला. "तो सहा बोटांचा हात आहे ना, तिथं पोपडे जास्त आहेत."

पहिला घाव कमळाच्या शेजारी बसला. भाकरीएवढा गिलावा सुटून तांदळ्यापुढं पडला. कुसाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मनोजनं छन्नी चार बोटं सरकवली.

"थांब," मोतीराम म्हणाला. इतकं हळू म्हणाला की मनोजला ऐकूच गेलं नाही. हातोडा वर गेला.

"थांब रे!"

ग्लास पायरीवरून गडगडत खाली गेला. एवढा मोठा आवाज मोतीरामला आहे हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. तो आत जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"ती चूक नाही," तो म्हणाला. "सहाच होती. बायडावहिनींना सहाच बोटं होती. मी मोजून काढलीत."

"कोण बायडावहिनी?"

"आशाची आई. तुझी बायडाआजी."

ललित पुढं आला आणि भिंतीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आशाआत्या दरवर्षी तिथंच हात ठेवते."

"दिसलं का एकदाचं," कुसाबाई म्हणाल्या आणि आपला डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. "आन ही बघ तुझी रिजेक्ट करंगळी. रोज ह्या हाताची भाकरी खातोस. कारखान्यात केसभर फरक दिसतो, हा नाय दिसला कधी?"

ललितनं तो हात धरला. उलटा केला, सुलटा केला, भिंतीवरच्या घंटेकडं पाहिलं, पुन्हा हाताकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"मामा, छन्नी ठेवा," तो मनोजला म्हणाला. "ओल मागच्या बाजूनं बंद करता येते का बघू. फरशा रस्त्याकडच्या भिंतीला लावू बाहेरून." मग तो मोतीरामकडं वळला. "पण आबा, काल मी एवढं दाखवत होतो तेव्हाच सांगायचं ना."

मोतीरामनं खाली पाहिलं. "बरोबर आहे बाळा," तो म्हणाला.

कुसाबाईंनी कपाळावर हात मारला.

"मेल्या, परत बरोबर हाय? आता इकडं बघ, खाली नको बघू. त्या यंत्राला बायडी ठाऊक नव्हती, त्याचा मला राग नाय. पोराला ठाऊक नव्हती, त्याचाबी नाय. तुला ठाऊक होती! तीन दिवस हटून बसून तिच्या पदराखालचा हात तूच बाहेर काढलास, आन काल त्याच हाताला कुणी चूक म्हणालं तर तूच मान डोलावलीस. नाक जाड झालंय, मला दिसतं. डोळा वर गेलाय, तोबी दिसतो, अडतीस वर्षं गप बसले. तुझ्या चुका ढीगभर हायेत, मोत्या. पण त्यातली चूक कुठली आन बायडी कुठली, एवढं तुला निवडून सांगता येत नसंल तर कसला रे तू पेंटर? घट बसायच्या आत डबे उघड आन ती भिंत नीट कर. आन आशा आली की कमळापाशी भोक कशानं पडलं, ते तिला तू सांगायचं. मी नाय सांगणार."