इलाही टेलरांची इस्त्री बोलते आहे

मित्रांनो, सांगलीच्या इलाही टेलरांची मी इस्त्री. जुनी, काळी, हाताला जड. तापणं हा माझा स्वभावच आहे, पण सध्या मी तापले आहे ती विजेमुळे नाही.

दुकानात त्यांनी शिवायचं आणि मी कॉलर बसवायची. लग्नसराईत आम्हाला दम खायला फुरसत नसे. "हिच्यामुळं माझी शिलाई उठून दिसती," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दुकान बंद पडलं. शिलाई मशीन त्यांच्या खाटेशेजारी आलं आणि मी फळीवर धूळ खात बसले.

मला खाली काढलं त्यांच्या नातीने, मदिहाने. बारीक खुंट्यांच्या पाटीवर ती प्लास्टिकचे रंगीत मणी बसवते, वर बटर पेपर ठेवते. मी फिरले की मणी वितळून एकमेकांना चिकटतात. मोबाइलमधले इमोजी तिने असे दादांसाठी, म्हणजे आजोबांसाठी, केले: हसरा चेहरा, चहाचा कप, जोडलेले हात. बोलता येत नाही तर दाखवता तरी यावं.

परवा शेजारचे मानसिंगराव मशीन मागायला आले. इलाहींचा मुलगा अश्फाक तयारच होता, त्याला खोलीत अडगळ नको होती.

"चाचा, नेऊ का मशीन?" मानसिंगरावांनी विचारलं.

इलाहींनी डाव्या हाताने मण्यांचे ते जोडलेले हात उचलून धरले.

"बघा, अब्बा तुमास्नी रामराम घालत्यात," अश्फाक हसला. "उद्या या टेंपो घिऊन."

अरे, विनवणी होती ती! नेऊ नका म्हणून म्हातारा हातापाया पडत होता! माझा नुसता संताप झाला. ज्याने आयुष्यभर गावाची मापं घेतली, त्याच्या मनाचं माप घरच्यांना घेता येऊ नये?

मदिहाने मात्र दादांचे भरलेले डोळे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने लाल मणी काढले आणि भुवया वाकड्या केलेलं तोंड मांडलं.

"आजारी माणसाच्या हातात रागाचं तोंड देतीस व्हय गं?" अश्फाक ओरडला.

"मग राग आल्यावर दादांनी काय दाखवायचं, पप्पा? चहाचा कप?"

त्याने माझी वायर उपटली. तिने ती पुन्हा खोचली. मी इतकी भडकले होते, की मणी जरा जास्तच वितळले आणि तोंड वेडंवाकडं झालं. होऊ दे. राग कुठे रेखीव असतो?

टेंपो आला. मानसिंगरावांनी मशीनला हात घालताच इलाहींनी ते लाल तोंड मुलाच्या नाकासमोर धरलं. खाली म्हणून घेईनात.

मानसिंगरावांनी हात मागे घेतला. "आवं अश्फाक, चाचांची मर्जी न्हाई. मला नगं ते मशीन."

अश्फाक खाटेच्या कडेला टेकला. "अब्बा, मी तुमास्नी इचारलंच न्हाई," एवढंच म्हणाला.

मला त्याचा राग अजून आहे. एवढ्याशा पोरीला सुचलं ते त्याला सुचलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची वाचा गेली, तर त्याच्या हातात नुसतं हसू देऊन मोकळे होऊ नका. "नाही" म्हणायलाही त्याला काहीतरी द्या.