न मोजता उपसलेली तार

मित्रांनो, गॅरेजच्या टेबलावर पोट उघडून पडलेला मी एक जुना अल्टरनेटर आहे. इंजिन चालू झाले की पट्टा मला फिरवी आणि मी वीज तयार करी. गाडीचे दिवे माझ्या विजेवर लागत, बॅटरीही मीच भरत असे. नाव मात्र बॅटरीचे होई.

माझी गाडी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. मागे लसींची थंड पेटी असे. मी स्वतः तर तापून निघे; मग माझ्याच विजेचा तिकडे गारवा कसा होतो, याचे मला अकरा वर्षे नवल वाटत राहिले.

पुढे दिवे मंद झाले, तेव्हा बाईंच्या यजमानांनी अंदाजाने नवी बॅटरी बसवली. आठ दिवसांत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. पेटीत दोनशे जनावरांच्या लसी होत्या. त्या तापल्या असत्या तर वाया गेल्या असत्या. बाई तडक गॅरेजात आल्या.

मिस्त्रींचा अनुभव चाळीस वर्षांचा. त्यांची लेक तंत्रविद्यालयात शिकून त्यांच्याच हाताखाली काम करी. ती विजेचा दाब मोजणारा मीटर आणायला वळली, तोच मिस्त्रींनी चालू इंजिनावर बॅटरीची तार उपसली. इंजिन चालू राहिले तर यंत्र ठीक, ही माझ्या आधीच्या, जुन्या डायनॅमोच्या काळातली परीक्षा. पण बॅटरी सुटताच माझा दाब उसळला आणि तो झेलायला कोणी उरले नाही. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे माझे डायोड जळाले. इंजिन बंद पडले.

लेकीने आधी पेटी गॅरेजच्या विजेवर जोडली, मग मला उतरवून उघडले. मुळात माझ्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे दोन ब्रश तेवढे झिजले होते.

"बाबा, नाडी बघायची सोडून तुम्ही गळाच दाबलात," ती हळूच म्हणाली.

जुनाच होता, कधीतरी जायचाच, अशी बाईंनी समजूत घातली. मिस्त्रींना मान डोलावून सुटता आले असते.

"नाही ताई. ब्रश बदलून भागलं असतं. बाकीचं मी जाळलं. नवा माझ्याकडून."

या वेळी इंजिन बंद ठेवून त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली, मग नवा अल्टरनेटर बसवला, चिरलेला पट्टाही बदलला. तार पुन्हा जोडून इंजिन चालू केल्यावर लेकीपुढे हात केला. "आण तो मीटर. कसा धरायचा, दाखव." आकडा चौदा व्होल्टच्या वर स्थिरावला आणि बाई लसी घेऊन निघाल्या.

मित्रांनो, आमचा पट्टा आणि ब्रश वेळच्या वेळी तपासत जा. लाल दिवा लागला तर आधी मोजा, मगच हात घाला. आणि मोजता येत नसेल, तर वयाने लहान असलेल्यालाही विचारायला लाजू नका.