हरिओमचं तिसरं मशीन

दोन हजार बावीसचं साल. करोनानं घरात कोंडलेली माणसं त्या साली एकदम मोकळी झाली आणि शिरूर अनंतपाळच्या शिवारात जो तो पत्र्याचं शेड बांधायला निघाला. कुणाला सोयाबीन ठेवायला हवं होतं, कुणाला म्हशींना, कुणाला नुसतं शेजाऱ्याचं झालं म्हणून. पत्रे बसवणारे हात मात्र थोडे. त्यांतले दोन हरिओमचे आणि दोन त्याच्या बायकोचे, दीपमालाचे. तो वर लोखंडी अँगलवर बसायचा. ती खालून पत्रा धरायची, स्क्रू द्यायची आणि हात पोचेल तिथली खालची रांग स्वतःच आवळायची. सुरुवातीला येणारे-जाणारे थांबून बघत. पुढं त्यांनाही सवय झाली.

पूर्वी सुताराकडं हातानं फिरवायचं गिरमिट असायचं. एका भोकाला घाम निघायचा, पण कुणाला घाई नव्हती. मग विजेचं ड्रिल आलं. शेतात वीज मात्र तिच्या मनानं येणार, तीही बहुधा रात्री. जनरेटर भाड्यानं आणावा तर कमाई त्याच्याच पोटात जायची. म्हणून पाडव्याला हरिओमनं लातूरहून बॅटरीवर चालणारा सेट आणला. भोक पाडायचं ड्रिल, स्क्रू आवळायचं मशीन, पत्रा कापायचा कटर, सोबत दोन बॅटऱ्या आणि चार्जर. पिशवी खांद्याला अडकवली की झालं. वायर नको की खांब नको.

मृग लागायच्या आत दोन्ही बॅटऱ्या मेल्या. दुकानदार म्हणाला, "लई ताणलं असंल तुम्ही." हरिओमनं वाद घातला नाही. दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या कंपनीचा, अधिक भारी सेट घेतला. तो पोळ्याच्या सुमारास गेला. साकोळच्या शिवारात अर्धं शेड उघडं, आभाळ भरून आलेलं, आणि हातातलं मशीन एकदा घुर्र करून गप्प. शेडचा मालक एका शब्दानंही बोलला नाही. तेच हरिओमला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आता एक तिसरं घेऊन बघतो. ते बी गेलं तर आदिनाथकडं चाकणला जातो. कंपनीत जागा हाय म्हणतोय तो."

आदिनाथ त्याचा चुलतभाऊ. दर दोन-चार दिवसांनी फोन करून हेच सांगायचा. चुलीपुढं बसलेल्या लक्ष्मीबाईंचा, हरिओमच्या आईचा, भाकरी थापता थापता हात थांबला.

दीपमालाचं माहेर देगलूरचं. तिचा बाप हैदराबादला एका गोडाऊनवर होता. वर्षातून दोनदा यायचा. तो आला की आई फडताळातल्या चांगल्या कपबश्या काढायची, आणि पोरं दाराआडून त्याच्याकडं बघत राहायची. स्वतःच्या घरात बाप पाहुणा झालेला तिनं पाहिला होता. आपल्या पोरीनं तसं दाराआड उभं राहावं, हे तिला नको होतं. शिवाय एक गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसे. नवरा वर आणि आपण खाली, मध्ये एक पत्रा, अशी दिवसभर चालणारी बोलाचाल तिला घरातल्या बोलण्याहून गोड वाटायची.

"तिसरं मी निवडते," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कळत हुतं, ती दोन फळीवर पडलीत की."

लक्ष्मीबाईंनी चुलीकडं तोंड करून हसू लपवलं.

गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या, पाहुणेरावळे गेले, आणि दोघं नांदेडला निघाले. दीपमालाच्या भावानं तिथल्या एका दुकानाचं नाव सांगितलं होतं. मालकाचं नाव रामलिंग; मशीन विकतो आणि दुरुस्तही करतो. हे 'दुरुस्तही' दीपमालानं पक्कं धरलं होतं. जुन्या चारी बॅटऱ्या तिनं फडक्यात बांधून बरोबर घेतल्या.

"मेलेल्या कशाला नेतीस?" हरिओमनं विचारलं.

"डॉक्टर बदलला तरी जुने कागद न्यावं लागतेत."

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. रामलिंग गल्ल्यामागं चष्मा कपाळावर चढवून बसला होता. दीपमालाचं एक वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "देगलूरच्या का अक्का तुम्ही? आमची सासुरवाडी तिथलीच. बसा. आता भाव कमी करावाच लागंल, न्हाईतर घरी भाकर न्हाई."

हरिओमचे डोळे एका दांडग्या मशीनवर गेले होते. त्यानं ते उचललं, कानाशी धरून चालवलं, आवाजावर खूश झाला. "ह्याची ताकद बघ."

"वर धरून बघा," दीपमाला म्हणाली. "डोक्याच्या वर. आता मी बोलत राहते, तवर खाली आणू नका."

ती आपली बोलत राहिली. पावसाचं, पोरीच्या शाळेचं. हरिओमचा हात थोड्याच वेळात थरथरला. रामलिंग हसला. "अक्कानं इथंच परीक्षा घेतली."

मग तिनं एकेक मशीन स्वतः उचललं. बिघडलं तर दाखवायचं कुठं, हे विचारलं. एकच बॅटरी ड्रिलला, स्क्रूच्या मशीनला आणि कटरला चालते का, विचारलं. नवी बॅटरी लागली तर ती दुकानात असते की मुंबईहून मागवायची, तेही विचारलं. रामलिंगनं सरळ उत्तरं दिली. मधल्या वजनाचा एक सेट होता. त्याच्या बॅटऱ्या रामलिंग स्वतःच दुकानात ठेवायचा, आणि कंपनीचं दुरुस्तीचं दुकानही नांदेडातच होतं.

"तुमच्या जुन्या मशीनी वाईट न्हाईत," तो म्हणाला. "पण त्यांच्या बॅटऱ्या इकडं मिळत न्हाईत. बॅटरी मिळाली न्हाई तर मशीन म्हंजे नुसतं पेपर उडू नये म्हणून ठेवायचं वजन. बघू तरी, ह्या कशानं मेल्या."

त्यानं एका बॅटरीचे स्क्रू काढून झाकण उघडलं. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट पांढरा थर चढला होता, आणि कोपऱ्यात लाल-पिवळा चिखल वाळून बसला होता. दुसरी उघडली. तीही तशीच, उलट जास्तच.

"अक्का, ह्यांना कुणी अंघोळ घातली का?"

हरिओम मोठ्यानं हसला. "मशीनला कोण अंघोळ घालतंय? पावसात भिजलं असंल."

दीपमाला हसली नाही. तो लाल रंग तिनं ओळखला होता. दर अमावस्येला लक्ष्मीबाई ओट्यावर पाट मांडायच्या. पूर्वी त्यावर विळे, खुरपी, नांगराचा फाळ असायचा. सगळं तांब्यातल्या पाण्यानं धुऊन, पुसून, हळदीकुंकू ओलं करून त्याची बोटं उठवायची. वर तेलाचा थेंब. लोखंडाला ते मानवायचंही. गंज धरत नसे. घरात मोटारसायकल आली, तिला तेच झालं. फ्रिज आला, त्यालाही. ज्या घरात सगळ्यालाच कुंकू लागतं, तिथं ते कुणाला दिसत नाही. बॅटरीच्या खाचेत, जिथं ती मशीनला जोडली जाते नेमकं तिथं, सासूचं बोट जाताना दीपमालानं स्वतः पाहिलं होतं, आणि ती भांडी घेऊन पुढं गेली होती.

मधल्या वजनाचा सेट हातात घेऊन तिनं फक्त एवढं विचारलं, "बॅटरी चटकन निघती का हो?"

"निघती. पण सगळे घट्ट बसती का ते विचारतेत. तुम्ही निघती का विचारून राहिलाव."

"दाखवा."

त्यानं दाखवलं. मग तिनं स्वतः काढून पाहिली, बसवून पाहिली, पुन्हा काढून पाहिली. एका हातानं जमलं तेव्हा म्हणाली, "हाच द्या."

परतायला दिवेलागण झाली. हरिओम फाट्यावर मित्रापाशी थांबला. दीपमाला पुढं आली, तर अंगणात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, आणि लक्ष्मीबाई भरलेला तांब्या घेऊन उभ्या.

"आण इकडं. ह्यावेळी नीट करू."

दीपमालानं पिशवी खाली ठेवली नाही. ड्रिल काढलं, बॅटरी सोडवली, पदराखाली धरली आणि नुसतं मशीन सासूच्या हातात दिलं.

"ते काय लपवलंस?"

"बॅटरी हाय, आत्या. तिला न्हाई लावायचं."

"का बरं? जीव तर तिच्यातच हाय म्हणतेत की."

आता खोटं बोलणं सोपं होतं. काहीतरी शास्त्र सांगितलं असतं, तर लक्ष्मीबाईंनी ऐकलं असतं. पण पुढची अमावस्या होती, तिच्या पुढची होती, खंडेनवमी होती. दीपमाला पाटाशेजारी खाली बसली आणि दुकानात पाहिलेलं सगळं सांगितलं. सावकाश, आवाज न चढवता.

लक्ष्मीबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"हरिओमला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"मग मीच सांगते. तू मधी बोलू नको."

जेवणं झाली तशी त्यांनी सांगितलं. हरिओम ताटावरच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं साकोळचं उघडं शेड आलं असावं, कारण त्याचा चेहरा आधी तांबडा झाला. मग त्यानं विचारलं, "आई, पहिल्याला किती पाणी घातलंस?"

"थोडंच. दुसऱ्याला जास्त घातलं."

"जास्त कामून?"

"पहिलं टिकलं न्हाई म्हणून. म्हणलं, आपलंच कायतरी कमी पडलं." त्या थांबल्या. "हे टिकलं न्हाई तर तू जातो म्हणत हुतास."

हरिओम ताट उचलून हात धुवायला बाहेर गेला. आत आला तेव्हा म्हणाला, "बॅटरी म्हंजे मशीनची शिदोरी, आई. शिदोरीला कुंकू लावतेत का?"

"न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण नैवेद्याला पाणी फिरवतेत."

"लांबून फिरव," दीपमाला म्हणाली आणि जीभ चावली. सासूला 'फिरव' म्हणून बसली होती. पण त्या घरात त्या दिवशी कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही.

साकोळचं शेड त्याच आठवड्यात पुरं झालं. आदिनाथला हरिओमनं फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आदिनाथ अजून चाकणलाच आहे. तिथं त्यानं फ्लॅट घेतला; दिवाळीला येतो आणि गावाकडं काही राहिलं नाही असं सांगून डबाभर चकल्या घेऊन जातो. जुनी दोन्ही मशीनं रामलिंगनं सुट्या भागांसाठी घेतली. पुढं त्यानं दुकान विष्णुपुरीच्या रस्त्याला हलवलं. आता थोरली मुलगी त्याच्याबरोबर दुरुस्तीला बसते. सेटची एक बॅटरी गेल्या उन्हाळ्यात मंदावली, ती त्याच दुकानातून बदलून आणली. लक्ष्मीबाई दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. शेवटपर्यंत त्या अमावस्येला मशीन पुसून ठेवायच्या, कोरड्या फडक्यानं. हरिओमचा गुडघा धरतो, म्हणून हल्ली अँगलवर दीपमाला चढते. तो खालून पत्रा धरतो आणि स्क्रू देतो. काम पूर्वीपेक्षा जरा हळू चालतं, पण दोघांचं बोलणं मात्र कमी झालेलं नाही.