तिची उशी

“बॅटरी गेली, मॅडम,” सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला.

मान किंचित खाली, आवाज उतरलेला. आई गेल्यापासून हे क्रियापद मी याच मानेने आणि याच आवाजात इतक्यांदा ऐकलं होतं, की आता वाईट वाटत नव्हतं, नुसता राग यायचा.

“गेली म्हणजे? कुठे गेली?”

“अगं, ते त्यांचं काम करतायत,” दादा म्हणाला.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, आमच्या खांबाशेजारी, आईची गाडी धूळ खात उभी होती. त्या माणसाने आपल्या यंत्राने तिला घटकाभर जागं केलं होतं आणि टॅबवर लाल ओळींची चळत उमटली होती. ती त्याने आमच्यापुढे धरली.

“हे बघा. सगळं लाल. खालची मोठी बॅटरी बदलायची म्हणजे नवी गाडी घेतल्यासारखंच. त्यापेक्षा भंगारात द्या आणि मोकळे व्हा.”

तो गेल्यावर दादाने खिशातून फोन काढला, पुन्हा आत ठेवला. “उद्या दुपारी टोइंगवाला येतोय. मी सांगून ठेवलंय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“मग आत्ता म्हणते. नाही.”

“चार्ज होत नाही, सुरू होत नाही, दार उघडत नाही. अजून काय करायला पाहिजे तिने?” त्याने गाडीकडे पाठ केली. “रोज कामावरून येतो आणि ही समोर. मेलेली. मला नाही बघवत.”

“बघू नकोस. पण मेलेली म्हणू नकोस.”

दादा माझ्यापेक्षा मोठा आणि समजूतदार. म्हणजे भांडण त्याने सुरू करायचं नाही आणि मी संपवायचं नाही, असा आमचा लहानपणापासूनचा रिवाज. त्याने सुस्कारा सोडला. “ठीक आहे. टोइंगवाला येईपर्यंत ही चार्ज व्हायला लागली, तर राहील. नाही झाली, तर तू चाकाखाली आडवं पडायचं नाहीस.”

“नाही पडणार.”

“शब्द?”

“शब्द.”

आई गाडी चालवायला शिकवायची. ज्यांना बापाने, नवऱ्याने, भावाने ओरडून ओरडून स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, अशी माणसं तिच्याकडे यायची आणि गाडी चालवत घरी जायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. क्लास बंद केल्यावर तिने ही हायब्रिड घेतली, घरच्या प्लगला लावून चार्ज करायची. जवळच्या फेऱ्या विजेवर, लांबच्या पेट्रोलवर. दादाने डोक्याला हात लावला होता. “या वयात दोन-दोन इंजिनं कशाला, आई?”

“एक रुसलं तर दुसरं असावं,” ती म्हणाली होती. “तुम्ही दोघं नाही का?”

मग बाजारातून यायची ती चपला काढायच्या आधी गाडीला केबल लावायची. आधी तिचं पोट, मग आपलं.

वर येऊन मी गाडीची पुस्तिका शोधली आणि टेबलाशी बसले, पाठीला निळी उशी घेऊन. त्या उशीबद्दल सांगायला हवं.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसांत आई फारसं बोलत नव्हती. बोलली ते उशीबद्दल. “तिची उशी,” असं मधूनच म्हणायची. दादाने विचारलं, “कुठली गं?” ती म्हणाली, “निळी.” तो घरी जाऊन घेऊन आला आणि तिच्या मानेखाली सरकवली. तिने अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ती बाजूला सारली. “मला नको. तिला दे. पडेल ती.” मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगत होते, आणि त्याआधी एकदा खरोखरच कलंडले होते. दादाने उशी माझ्या हातात दिली. नंतर आई बोलली नाही.

त्या उशीवर गाल टेकल्याशिवाय मला अजून झोप येत नव्हती. दादा एकदाच म्हणाला होता, “शेवटचं बोलणंसुद्धा तुझ्याचबद्दल.” हसत म्हणाला होता. मीही हसले होते. पण तो विषय आमच्या दोघांमध्ये कायमचा येऊन बसला होता.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं पोट भरायचं साधन आहे. पुस्तिकेत ‘कृपया’ फार आणि माहिती कमी होती, तरी एवढं कळलं की या गाडीला बॅटऱ्या दोन. खाली तळाशी मोठी, जिच्यावर ती धावते. आणि एक साधी, इतर कुठल्याही गाडीत असते तशी लहान. दार उघडणं, दिवे, आतला सगळा मेंदू लहानीवर. लहानी झोपली की मोठी भरलेली असो वा नसो, तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही, पेट्रोलचं इंजिनही सुरू होत नाही. मग लाल ओळी उमटणारच. आजारी माणसाला झोपेतून हलवून पत्ता विचारला, तर तो तरी काय सांगणार?

किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली दडलेली असते. तिने दार उघडलं. बॉनेट उघडलं. क्लासच्या जुन्या गाड्यांसाठी आईने एक चार्जर ठेवला होता, तो माळ्यावरून काढला आणि त्याचे चिमटे लहान बॅटरीला लावले: लाल आधी, काळा नंतर. हे पुस्तिकेतलं नव्हे, आईचं.

सकाळी दादा खाली आला तेव्हा चिमटे तसेच होते.

“काय, सलाईन लावलंय?”

“लावलंय.”

“पेशंट बोलतो का काही?”

मी चिमटे काढले, आत बसले आणि बटण दाबलं. समोरचा पडदा उजळला. गाडीने एक छोटा सूर काढला, जो मी आई घरी आल्याची खूण म्हणून इतकी वर्षं ऐकत आले होते. दादाचा हात दारावर होता तो तसाच राहिला.

मोठ्या बॅटरीचं चित्र पडद्यावर होतं. तळाशी थोडीशी हिरवी पट्टी. थोडीशी, पण होती.

“बोलतो,” मी म्हणाले.

“सुरू झाली म्हणजे चार्ज झाली असं नाही. आपलं ठरलंय काय?”

“माहीत आहे काय ठरलंय.”

तो कामावर निघून गेला. मी भिंतीतून येणारी केबल घेतली आणि तिच्या टोकाची चार्जिंगची गन गाडीच्या पुढच्या चाकावरच्या झाकणात खुपसली. हिरवा दिवा लुकलुकला. आत कुठेतरी टक् झालं. मग दिवा लाल.

पुन्हा लावली. हिरवा, टक्, लाल.

आईने वेळ लावून ठेवली होती, गाडीने अमुक वाजल्यानंतरच वीज घ्यावी अशी. ती काढून टाकली. लाल. भिंतीतलं सॉकेट सोडून वॉचमनच्या खोलीतल्या सॉकेटला लावून पाहिलं. लाल. गनची तोंडं फडक्याने पुसली. लाल. शेवटी मी तिच्याशी बोलायला लागले, आणि जे बोलले ते मुद्रितात आलं असतं तर मी स्वतःच खोडलं असतं.

टोइंगचा ट्रक दुपारी म्हणता म्हणता जेवणाच्या आधीच आला. चालक बुटका, गोल, मिशीवर प्रेम असलेला. त्याने गाडीकडे पाहिलं आणि हातातली साखळी खाली ठेवली.

“ही मास्तरीणबाईंची?”

“हो. मी त्यांची मुलगी.”

“मला त्यांनीच शिकवलं हो. पहिल्या दिवशी मी गाडी झाडावर घातली. म्हणाल्या, झाडाने काय केलं होतं?” तो जरा हसला, मग ओशाळला. “ताई, मला ठाऊक नव्हतं ही गाडी कुणाची ते. पण मला नुसती न्यायला सांगितलंय.”

“माझा भाऊ येईपर्यंत थांबाल?”

“थांबतो. मिशीला तेल लावायचंच होतं.”

दादा आला, शर्टाच्या बाह्या दुमडत. त्याने लाल दिवा पाहिला आणि काही बोलला नाही. जिंकल्यावर न बोलण्याची त्याची ही जुनी सवय मला सगळ्यात जास्त चिडवते. मी त्याच्याकडे न बघता गन उपसायला हात घातला. ती जड होती. तिच्या मुठीला धरून मी ती वर उचलली, आणि दिवा हिरवा झाला.

टक् झालं. दिवा हिरवाच राहिला.

आम्ही तिघं त्या दिव्याकडे पाहत होतो. मी मूठ सोडली. गन स्वतःच्या वजनाने केसभर खाली झुकली. लाल. उचलली. हिरवा.

“अडकवायचा आकडा झिजलाय,” मी म्हणाले. “नीट धरत नाही ही. बॅटरीला काही झालेलं नाही. हिच्या तोंडात घासच राहत नाही.”

“मग तू काय आता हात लावून उभी राहणार जन्मभर?” दादा म्हणाला. पण आवाजात मघाचं समजूतदारपण नव्हतं.

“राहीन.”

“ताई, खाली टेकू द्या काहीतरी,” चालक म्हणाला.

खांबाशी आईच्या क्लासमधलं लाकडी स्टूल होतं. दादानेच ते पायाने ओढून गनखाली आणलं. वर रद्दीचा गठ्ठा ठेवला; कमी पडला. वीट ठेवली; गन वर उचलली गेली आणि तिरकी होऊन लाल. वीट काढून दादाने पुन्हा रद्दी ठेवली, आणखी वर्तमानपत्रं शोधली. आता तो माझ्याइतकाच पेटला होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मी झाकणापाशी वाकले होते. बिजागरीत एक दोरा अडकला होता. निळा. जाड विणीचा.

मी लेखकांच्या पानांवर समासात नेहमी एक प्रश्न लिहिते. वाक्यात दोन बायका असतात, आणि लेखक ‘ती’ म्हणून पुढे जातो. मी लिहिते: ‘ती’ म्हणजे कोण?

“दादा,” मी म्हणाले. “ती उशी तू कुठून आणली होतीस?”

“कुठली?”

“हॉस्पिटलमध्ये. निळी.”

“इथूनच. वर कुठे सापडेना. मग बघतो तर इथे या स्टुलावर पडलेली.”

“पडलेली की ठेवलेली?”

त्याने स्टुलाकडे पाहिलं, गनकडे पाहिलं.

“केबलखाली होती,” तो हळूच म्हणाला. “मी ओढून काढली.”

मी लिफ्टची वाट न पाहता जिना चढले. उशी टेबलाच्या खुर्चीवर होती, माझ्या पाठीचा आकार घेऊन. उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला मधोमध एक खळगा होता, कडेने काळपट; मी तो इतके दिवस हातांनी चाचपत होते आणि आईच्या डोक्याचा समजत होते.

तिला घेऊन खाली यायला मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच सांगते.

खळगा वर करून मी उशी स्टुलावर ठेवली. गनची मूठ त्यात जाऊन बसली, जशी ओळखीच्या खुर्चीत म्हातारी माणसं बसतात. टक्. हिरवा.

आम्ही वाट पाहिली. हिरवा.

आता सगळं सरळ वाचता येत होतं. आम्ही उशी काढली. गन झुकली. गाडी दर थोड्या वेळाने जागी व्हायची, वीज आली का बघायची, नाही म्हणून पुन्हा झोपायची. या उठाबशांत तिची लहान बॅटरी संपली. आई हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या हेच सांगत होती, आणि आम्ही दोघं शहाणी मुलं तिच्या मानेखाली उशी सरकवत होतो.

“अहो, ही तर माझी उशी!” चालक पुढे झाला. “मला काचेतून बॉनेटपुढचं दिसायचं नाही, म्हणून मास्तरीणबाई ही बुडाखाली द्यायच्या. सगळ्या बुटक्यांची होती ही. किती जण बसलेत हिच्यावर!”

मी हिच्यावर गाल टेकून झोपत होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

दादाने सांगितलं. “ही हिच्यावर झोपते,” तो म्हणाला, आणि त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. “म्हणजे शेवटचं बोलणं...”

“हो.”

“गाडीबद्दल?”

“हो.”

“तुझ्याबद्दल नाही.”

“नाही रे. झालं समाधान?”

“झालं,” तो म्हणाला, आणि खांबाला टेकून खाली बसला, धुवून इस्त्री केलेल्या पँटसकट. आई गेल्यापासून त्याला कुणाच्या देखत डोळे पुसताना मी पाहिलं नव्हतं. आता तो पुसत होता आणि हसत होता, आणि मी त्याच्या शेजारी बसले. माझ्याकडचं काहीतरी गेलं होतं, ते मला नीट मोजता येत नव्हतं. पण जे गेलं ते मुळात माझं नव्हतं; आणि ज्या बाईने मरताना पुन्हा पुन्हा एकच कामाची गोष्ट सांगितली, तिची मी मुलगी होते. तेवढं मला पुरणार होतं. न पुरून सांगते कुणाला?

दादाचा फोन वाजला. सर्व्हिस सेंटरचा माणूस. त्याने फोन माझ्याकडे दिला.

“मॅडम, गाडी निघाली का?”

“नाही. जेवतेय.”

“काय?”

“चार्ज होतेय. बॅटरी गेलेली नाही. आकडा झिजलाय, तो बदलून द्या. आकडा. गाडी नाही.”

“मॅडम, पण आमच्या रिपोर्टमध्ये...”

“रिपोर्ट दुरुस्त करा. मी रोज हेच काम करते, अवघड नसतं.” मी फोन ठेवला.

चालकाने ट्रकची साखळी गोळा केली. जाताना गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, जशी आई मारायची, शिकवणी संपली की. रिकामा ट्रक उतारावरून वर गेला.

दादा उठला, पँट झटकली. जिन्याकडे गेला आणि परत आला. वाकून त्याने उशी बोटभर पुढे सरकवली, मूठ नीट खळग्यात बसवली.

“वॉचमनला सांगून ठेव,” तो म्हणाला. “साफसफाई करताना कुणी ही उशी हलवायची नाही. पडेल ती.”

मी त्याला विचारलं नाही, ती कोण.