रागावण्याचा उपवास

उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या रविवारी आमचे पाळकसाहेब सगळ्या मंडळीला एकच प्रश्न विचारतात, ईस्टरपर्यंत तुम्ही काय सोडणार? कुणी चहा सोडतं, कुणी मटण, कुणी संध्याकाळच्या मालिका. यंदा माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी रागावणं सोडणार." अख्खं चर्च हसलं. सगळ्यात मोठ्याने आमचे हे हसले, पुरुषांच्या बाजूला बसून, रुमालाने डोळे पुसत.

त्या हसण्यानेच मी इरेला पेटले. माझी सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. वॉर्डात माझा आवाज आला की पेशंटचे नातेवाईक खाटेवरून आपोआप उठून उभे राहायचे. रिटायर झाल्यावर तो सगळा आवाज ह्यांच्या एकट्याच्या वाट्याला आला. ह्यांचं नाव फकिरा, चर्चमध्ये सगळे फकिरामामा म्हणतात. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. माणूस स्वभावाने गोड, आणि शुगर त्याहून जास्त.

पहिला आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. ओला टॉवेल पलंगावर पडलेला दिसायचा. शर्टाच्या खिशात पेढ्याचा कागद सापडायचा. जीभ टाळ्याला लावून मी स्वयंपाकघरात जायचे आणि लसूण ठेचायचे. त्या आठवड्यात आमच्या शेंगदाण्याच्या चटणीत शेंगदाणे कमी आणि लसूणच जास्त असायचा. हे मुकाट्याने खायचे.

मग हळूहळू जमायला लागलं. टॉवेल मी उचलायचे आणि म्हणायचे, "असू द्या." हे माझ्याकडे बघत राहायचे. बायकांच्या प्रार्थनासभेत माझं कौतुक झालं. आमचे पाळक सुयश, वयाने माझ्या मुलासारखे, एका रविवारी संदेश देताना म्हणाले की, पवित्र जीवनाची तयारी बघायची असेल तर लताबाईंकडे बघा. मी मान खाली घातली, पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आपल्यातला जुना माणूस गेला आणि कुणीतरी नवीनच, शांत, पांढऱ्या साडीतली बाई आपल्या जागी आली, असं वाटायला लागलं.

एकच गोष्ट बंद पडली होती. शुगर निघाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी मी ह्यांना मागच्या ओट्यावर खुर्चीत बसवायचे आणि चष्मा लावून त्यांचे पाय तपासायचे. शुगरवाल्या माणसाला पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून कुणीतरी बघावं लागतं. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे, सगळं बघायचे आणि बघताना तोंडाचा पट्टा चालू. आठवडाभराचा हिशेब तिथेच व्हायचा. आता तोंड बंद ठेवून ते पाय बघणं मला जमेना. पहिल्याच शनिवारी भेगा पडलेली टाच बघून माझ्या घशाशी सगळं आलं. हे म्हणाले, "राहू दे, मी बघत जाईन माझं." मीही म्हटलं, बरं. घरात शांतता राहिली.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आमची मिरवणूक निघते. शरणपूरच्या रस्त्याने झावळ्या हातात घेऊन गात गात चर्चपर्यंत यायचं. एप्रिलचं ऊन, दहा वाजताच डांबर मऊ झालेलं. वळणावर मी मागे बघितलं, तर हे अनवाणी चाललेले. चपला पिशवीत आणि डोळे मिटून गाणं चालू. ही त्यांची ईस्टरची तयारी होती, मला न सांगता केलेली.

माझ्या आतली नर्स ओरडली. पण बाजूला प्रार्थनासभेच्या सगळ्या बायका होत्या आणि ईस्टर आठवड्यावर आला होता. ह्यांनी डोळे उघडून थेट माझ्याकडे बघितलं. मी हसले, मान हलवली आणि पुढचं कडवं म्हणायला लागले.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे धुतात. यंदा त्यात ह्यांचं नाव होतं. दुपारी हे म्हणाले, "माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं तर?" एरवी मी विचारलं असतं, का म्हणून? त्या दिवशी म्हटलं, "तुमची इच्छा." पण पाळकसाहेबांचा फोन आला आणि ह्यांना नाही म्हणवेना.

संध्याकाळी हे वेदीसमोरच्या खुर्च्यांवर सातवे बसले होते. बाकीचे अनवाणी, ह्यांच्या पायात मोजे. एप्रिलमध्ये. पाळकसाहेब घमेलं सरकवत सरकवत त्यांच्यापाशी आले आणि गुडघ्यांवर बसले. ह्यांनी उजवा मोजा काढला, पाय धुवून घेतला. पाळकसाहेबांनी डाव्या पायाकडे हात नेला तेव्हा हे हळूच म्हणाले, "एकच पुरे." आणि डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

पाय ओढताना चौथ्या बाकावरून मला मोज्याच्या तळव्यावरचा डाग दिसला. पिवळट, कडेने तपकिरी. असले डाग मी आयुष्यभर बघितलेत. त्यांच्यामागे काय असतं आणि उशीर झाला तर पाय कुठपर्यंत कापावा लागतो, हेही बघितलंय.

मी उठले. शेजारी बसलेल्या प्रार्थनासभेतल्या साधनाने माझा पदर धरला, "अगं, विधी चाललाय." मी पदर सोडवून घेतला आणि सरळ वेदीपुढे गेले.

"अहो, पाय बाहेर काढा."

चर्चमध्ये माझा तोच वॉर्डातला आवाज घुमला. पेटीवाल्याने हात थांबवला. ह्यांनी वर बघितलं आणि पाय बाहेर काढला.

मोजा चिकटला होता. पाळकसाहेबांनी घमेलं पुढे केलं, तर मी त्यांच्यावरही घसरले. "ते पाणी नको. सहा जणांचे पाय धुतलेत त्यात. प्यायचं पाणी आणा." पाळकसाहेब झगा सावरत पळाले. मी खाली बसले, मोज्यावर पाणी सोडलं आणि तो एकेक धागा सोडवत काढला. तळव्यावर रुपयाएवढा फोड फुटून चिघळला होता.

"लाज नाही वाटत? चार दिवस हे घेऊन हिंडताय? प्रभूला तुमचे भाजलेले पाय हवेत का? आणि मला सांगायला काय झालं होतं?"

हे एवढ्या हळू बोलले की मला आणि पाळकसाहेबांनाच ऐकू आलं. "तू बघितलंस ना त्या दिवशी, मी अनवाणी होतो ते. मला वाटलं, आता ओरडशील. तू हसलीस. मग म्हटलं, हिला आता काही वाटत नसेल."

माझे हात थांबले. एवढे दिवस मी देवाजवळ जातेय असं समजत होते आणि ह्या माणसापासून लांब गेले होते. मला रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि मी ते पुसलंही नाही, कारण हात स्वच्छ ठेवायचे होते. पाळकसाहेब बाटली धरून माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. मी सांगेन तसं पाणी ओतत राहिले.

तिथूनच रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पाय वाचेल, पण महिनाभर ड्रेसिंग आणि चालणं बंद.

शनिवारी संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर खुर्ची मांडली. ह्यांना धरून आणलं, बसवलं, चष्मा लावला. डाव्या पायाची पट्टी सोडताना मी उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलून घेतलं, टॉवेल आणि पेढ्यांसकट. मनातल्या मनात देवाला सांगितलं, माझी जीभ कमी कर वाटल्यास, पण हा माणूस मला दिसेनासा होईल असं पवित्रपण देऊ नकोस.

बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून मी गप्प झाले. तेव्हा ह्यांनी न सांगता दुसरा पाय पुढे केला.