मारुती गल्लीची शंभर टक्के बचत

वीज वाचवणाऱ्याला बक्षीस काय, तर विजेवर चालणारा मिक्सर. दारू सोडणाऱ्याला बाटली देण्यातलाच हा प्रकार; पण पारोळ्याहून आलेल्या वीज कंपनीच्या भामरे साहेबांनी मारुतीच्या पारावर हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. उखर्डूची बायको वच्छलाबाई तर पदर सावरून पुढे सरकली. पाट्यावर मसाला वाटून वाटून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. रात्री कूस बदलली तरी ती कण्हायची आणि शेजारी उखर्डू जागा व्हायचा. सायकली दुरुस्त करणारा माणूस तो. जगातलं काहीही पान्याने सुटतं अशी त्याची समजूत होती. हा खांदा मात्र सुटत नव्हता.

नियम सोपा होता. चैत्रात घरात जेवढी वीज जळेल, त्यापेक्षा वैशाखात जो सगळ्यात जास्त कमी जाळेल, त्याला मिक्सर. साहेबांची जीप गेली आणि उखर्डूने घरात येऊन भर दुपारी दोन्ही बल्ब लावले, पंखा लावला आणि रेडिओही सुरू करून ठेवला.

"दिवसा बी दिवा? याड लागनं का तुम्हले?" वच्छलाबाई म्हणाली.

"याले डोकं लागस," उखर्डू म्हणाला. "या महिनामा जितकं जास्त जाळसूत, तितकी पुढला महिनामा बचत जास्त दिसी. कोणले सांगू नको."

तिला पटलं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे गणित घराघरात ठाऊक असतंच. फक्त इथे दुप्पट आधी खायचं होतं. पण वच्छलाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. विहिरीवर तिने फक्त कुंदाबाईला सांगितलं, तेही देवाची शपथ घालून. चार दिवसांत गल्ली दिवसाढवळ्या उजळली. कुणी गोठ्यात बल्ब लावला, कुणी बैलाला पंखा लावला. कुंदाबाईने तर माहेरून इस्त्री मागवली, आणि इस्त्री करण्यासारखे कपडे घरात नव्हते म्हणून ती गोधड्यांना इस्त्री करत बसली. उखर्डू चिडला. आपली अक्कल लोकांनी फुकट वापरावी, याचा त्याला फार राग. मग त्याने दुकानातली पंक्चर तपासायची बादली रिकामी केली, धुळ्याच्या बाजारातून पाणी तापवायचा रॉड आणला आणि चैत्राच्या उन्हात पाणी उकळत ठेवलं.

महिना भरला. माणूस येऊन मीटरचे आकडे लिहून गेला. उखर्डूचा आकडा गल्लीत सगळ्यात मोठा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो कशात तरी पहिला आला होता. त्याच दुपारी गल्लीच्या टोकाची डीपी, म्हणजे सगळ्या गल्लीला वीज देणारी खांबावरची पेटी, धाडकन उडाली. सगळे घराबाहेर धावले. खांबावरून धूर निघत होता, आणि कुणीच कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं.

नवी डीपी लवकर मिळेना. लगीनसराईत जिकडेतिकडे डीप्या उडत होत्या. मारुती गल्लीचा नंबर कुठे लागणार? अख्खा वैशाख लोकांनी हातपंख्यावर आणि कंदिलावर काढला. शिव्या सगळ्यांनी उखर्डूला दिल्या. तो ऐकून घ्यायचा. वच्छलाबाईचा खांदा दिसला की त्या शिव्या त्याला लागत नसत.

महिनाअखेरी जवळजवळ प्रत्येकाच्या मीटरवर बचत निघाली शंभर टक्के. डीपी जळाल्याचा रकाना स्पर्धेच्या कागदात नव्हता, आणि बक्षीस द्यायला जळगावचे मोठे साहेब यायचे ठरले होते. मोठे साहेब येणार म्हटल्यावर डीपीही आली. वायरमन खांबावर चढला आणि खाली पारावर समारंभ सुरू झाला. सगळ्यात जास्त युनिट वाचवले म्हणून उखर्डूचं नाव पुकारलं. मिक्सरचं खोकं त्याच्या हातात आलं. गर्दीत वच्छलाबाई डोळे पुसत होती. ते पाहून त्याने खोकं तिला दिसेल असं उंच धरलं.

तेवढ्यात वायरमनने लाइन चालू केली.

भर दुपारी मारुती गल्ली दिवाळीसारखी झळाळली. करंट गेला त्या दिवशी कुणी बटणं बंद केलीच नव्हती. करंटच नाही, तर बटण कशाला बंद करायचं? गोठ्यातले बल्ब लागले, बैलामागचा पंखा फिरला, उखर्डूचा रेडिओ बोंबलू लागला. कुंदाबाईची इस्त्री गोधडीवरच राहिली होती. ती ओरडत घरात पळाली.

मोठ्या साहेबांनी गल्लीवरून नजर फिरवली. "भामरे, ही बचत का?"

भामरे साहेब चपलेकडे बघत राहिले. साहेबांचं लक्ष एका घराकडे गेलं. तेवढ्या एकाच घरात काही लागलं नव्हतं. "ते घर कोणाचं?"

ते एकट्या म्हाताऱ्या भागाबाईचं. लोकांनी तिला धरून पुढे आणलं. साहेबांनी उखर्डूच्या हातातलं खोकं काढून भागाबाईच्या हातात दिलं, तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि ते निघून गेले. उखर्डूचे हात तसेच पुढे राहिले. वच्छलाबाई घरात जाऊन पाट्यावर बसली आणि मिरच्या असल्या जोराने वाटू लागली, की उखर्डूला ओसरीवरून आत पाऊल टाकवेना.

संध्याकाळी भागाबाई खोकं कडेवर घेऊन आली. "वच्छला, हाई तुना घर ठेव माय. मना घरमा मिक्सर लावाले पिलग कोठे शे?"

"आक्का, तुम्ही तर साहेबना डोळामा भरन्यात," उखर्डू कसनुसा हसला. "महिनाभर दिवा लावाच नही?"

"कसा लावसू? मना बल्ब दिवाईपाईन उडी जायेल शे. कोणी बदली देत नही."

वच्छलाबाई आधी हसली, मग रडली, मग हसतच खोकं फोडायला बसली. उखर्डूने दुसऱ्याच दिवशी भागाबाईकडे नवा बल्ब लावून दिला.

मिक्सर वच्छलाबाईच्या ओट्यावर राहिला. मालकीण मात्र भागाबाई. मिक्सर लागला की ती काठी टेकत यायची, शेजारी पाट मांडून बसायची, आणि भांडं जरा फिरलं की ओरडायची, "बस व्हयनं! बंद कर आते! मीटर फिरी ऱ्हायनं!" साहेबांबरोबरच्या फोटोचा मान तिने मनावर घेतला होता. उरलेला जाडाभरडा मसाला वच्छलाबाई पाट्यावर बारीक करायची. खांदा निम्मा बरा झाला. जाता जाता भागाबाई उखर्डूच्या घरातला दुसरा बल्बही बंद करून जायची.

पावसाळ्यात गल्लीत सगळ्यात लहान आकडा उखर्डूच्या मीटरचा निघाला. तेव्हा मात्र स्पर्धा नव्हती.