उशाची मशीन

गेल्या उन्हाळ्यात कोणी गेल्याचं कळलं की बाकीच्या बाया हळहळायच्या आणि मी विचारायची, "झोपताना नाकाला मशीन लावत होता का वो?" आमच्या एकोडी गावातल्या बायांना वाटलं, सुमनचं डोकं फिरलं. मी कोणाला समजावत बसले नाही. मला मेलेल्या माणसाची मशीनच हवी होती.

माझा नवरा बाबुलाल गावच्या तलावात मासे धरतो. त्याच्या घोरण्यावर गावभर थट्टा चालायची. लोक म्हणायचे, बाबुलालले जाळ्याची गरज नाही, तलावावर झोपला तरी मासे भिऊन काठाले येतीन. मीही हसायची. मग एका सकाळी तो डोंग्यात बसल्या बसल्या झोपला आणि झोपेतच पाण्यात पडला. पाय जाळ्यात गुंतले होते. सोबतचा मंगरू शेजारच्या डोंग्यात होता, त्यानं याला ओढून काढलं. त्या दिवसापासून मासेमारी संस्थेच्या लोकांनी त्याचा डोंगा बंद केला. डॉक्टर बरं म्हणतील तेव्हा ये, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही, पण मला त्यांचा राग आला तो आलाच.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक रात्र तपासून सांगितलं, "झोपेत यांचा गळा आतून मिटतो. श्वास थांबतो, मग दचकून सुरू होतो. रात्रभर हेच चालतं. झोप अशी होतच नाही, म्हणून दिवसा पडतात." उपाय होता एक मशीन. उशाशी ठेवायची, नळीतून नाकात हवा सोडते, गळा मिटू देत नाही. किंमत ऐकली तर एका दुभत्या म्हशीची. विमा आमच्या सात पिढ्यांत कोणी काढला नव्हता. सरकारी कार्ड पुढं केलं, तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, ते भरती झाल्यावर चालतं, घरी न्यायच्या वस्तूला नाही.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "जुनी मिळाली तरी चालेल. फक्त नाकावरचा मास्क आणि नळी नवी घ्या, आणि मशीन माझ्याकडे आणा. हवेचा जोर प्रत्येकाचा वेगळा असतो, तो मी लावून देतो."

परतीच्या बसमध्ये आमचे हे माझ्या खांद्यावर घोरत होते आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. जुनी म्हणजे कोणाची? जो वापरतो तो कशाला देईल? आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घाटावर टाकतात, कपडे वाटून देतात. मग मशीनचं काय करत असतील? टाकायला जीव होणार नाही आणि वापरायला मन होणार नाही. म्हणजे जिल्ह्यात कोणाच्या ना कोणाच्या आलमारीवर ती पडलीच असणार. हे सुचलं आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग ती विचारपूस सुरू झाली. तुमसरच्या माझ्या नणंदेनं फोनवर सांगितलं, "सिहोऱ्याचे गुरुजी गेले ना वो! ते लावत होते नाकाले सोंडेसारखं." मी दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याला. डोक्यावर पदर, चेहरा उतरलेला, ओसरीवर जाऊन गुमान बसले. घरच्या सुनेनं पाणी दिलं. भेटायला गेल्यावर लगेच कामाचं बोलायचं नसतं, म्हणून थोडे डोळे टिपून मी म्हटलं, "चांगला माणूस होता जी."

"कोण?" म्हणत आतून एक उंच म्हातारे बाहेर आले. हातात चहाची बशी.

ते ताराचंद गुरुजी होते, स्वतः. मेले होते ते दुसरे गुरुजी, खालच्या आळीचे. नणंदेनं मेलेला एक आणि मशीनवाला दुसरा, असे दोघं एकात बसवले होते. धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. गुरुजी मात्र हसून हसून खोकले.

"मी अजून वापरून राहिलो ना बाई. थोडी वाट पाहावी लागन तुले," म्हणाले. मग मी सगळं सांगितलं तसे गंभीर झाले. "पवनीले जाय. आमचे दोस्त होते तिकडे, एकाच डॉक्टरकडे जात होतो. मागच्या वर्षी गेले बिचारे. त्यायची घरवाली हाये, रेवताबाई."

या वेळी मी यांनाही सोबत नेलं. नवी नळी आणि मास्क पिशवीत घेतला होता, कारण रिकाम्या हातानं मागायला गेलं की माणसाला आपली निकड दिसत नाही. पवनीला घर सापडलं तेव्हा दुपार झाली होती. रेवताबाई बुटकी, ठसठशीत बोलणारी. तिनं आम्हाला पडवीत बसवलं आणि मी तोंड उघडणार तोच आतल्या खोलीतून आवाज आला. सुऽऽ सुऽऽ, एकसारखा, हवेचा. मी डॉक्टरांकडे ऐकलेला तोच.

पुन्हा तेच! या वेळी तरी फजिती नको म्हणून मी चटकन चेहरा हसरा केला. "भाऊ झोपले आहेत का जी?"

रेवताबाई म्हणाली, "त्यायले जाऊन साल होऊन राहिलं."

"मंग मशीन?"

तिनं उठून दार लोटलं. खाटेवर कोणी नव्हतं. उशाशी स्टुलावर मशीन चालू होती, नळी रिकाम्या उशीवर पडली होती, आणि खाली जमिनीवर तिची स्वतःची सतरंजी. आम्ही आलो तेव्हा रेवताबाई तिथंच आडवी झाली होती.

"बारा वर्षं ह्याच आवाजात झोपली मी," ती म्हणाली. "ते गेल्यावर बंद केली, त डोळाच लागेना. सुरू ठेवली की लागते. लोक म्हणतात, लाइटचं बिल भरते येडी. भरते त भरते."

मी कामाचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "नाही देत बाई. पैशाचं नाही. मले झोप पायजे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. जिवंत माणूस पाण्यात पडतो आणि इथं मशीन उशीला हवा घालते! आम्ही दोघी पडवीत परत आलो तर हे भिंतीला टेकून झोपले होते. घोरणं सुरू होतं. मग एकदम थांबलं.

मी थांबले. रेवताबाईही दारात थांबली. यांची छाती वर उचलत होती, पण हवा आत जात नव्हती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बराच वेळ गेला. मग मोठा आचका आला आणि घोरणं पुन्हा लागलं.

"मशीन यायच्या आधी मी त्यायच्या छातीवर हात ठेवून जागत होती," ती हळू म्हणाली. "तू काय करतेस?"

"मी पण तेच करते जी," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. इतक्या दिवसांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. रोज रात्री मी पुढच्या श्वासाची वाट बघत पडायची आणि भीती वाटायची की एखाद्या वेळी तो येणारच नाही.

ती आत गेली. आवाज बंद झाला. घर एवढं चूप झालं की हे दचकून जागे झाले. तिनं मशीन धुतलेल्या कपड्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवली.

"पैसे मात्र देजो. फुकटची वस्तू माणूस जपत नाही."

तिनं मागितले ते आमच्या गाठीला होते, उलट थोडे उरले. डॉक्टरांनी जोर लावून दिला. पहिल्या रात्री यांनी मास्क लावला, खुशी, आमची मुलगी, बाबा हत्तीसारखे दिसतात म्हणून हसली, आणि घरात तो सुऽऽ आवाज सुरू झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"लावली का?" रेवताबाई विचारत होती.

"लावली जी."

पुढं ती काही बोलेना, फोनही ठेवेना. जेवली का विचारलं तर नुसतं हूं. मग माझ्या ध्यानात आलं. मी फोन मशीनच्या शेजारी टेकवून ठेवला आणि भांडी घासायला गेले.

महिन्याभरानं डॉक्टर बरं म्हणाले. आता हे डोंग्यावर जातात. पवनीचा फोन रोज येतो. बोलायचे पैसे आजकाल वेगळे पडत नाहीत, त्यामुळे रात्री तो मशीनशेजारी चालूच असतो, आम्ही फारसं बोलत नाही. काल भांडी आवरून आत आले तर घोरणं ऐकू आलं. वाकून यांच्याकडे बघितलं. हे तोंड मिटून शांत झोपले होते, श्वास एकसारखा चालला होता. घोरणं फोनमधून येत होतं.

मी फोन कापला नाही.